पोचे काढण्याची विद्या



वसंत व्याख्यानमालेचे विषय बहुधा ठरलेले असतात. पुण्यास १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने ही प्रथा सुरू झाली. तेव्हापासून इतिहास, अर्थकारण, साहित्य, समाजसुधारणा या विषयांवर महाराष्ट्रातील गावोगावच्या श्रोत्यांनी पुष्कळ ऐकले आणि त्याचा गुणही पुष्कळांना आला. आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत तो या पंक्तीला बसविताना चालकांना थोडा संकोच वाटला असल्यास नवल नाही. मोटारीच्या पत्र्याला पडलेला पोचा बाहेर कसा ओढावा, आणि तो ओढण्यासाठी रस्त्याकडेचा कारागीर आपली हत्यारे आपणच कशी घडवितो, हा तो विषय. व्यासपीठावर हातोडा आणि सळई घेऊन चढावे असा हा विषय आहे खरा. परंतु हातोडा कोठे मारू नये हे ठरविण्यास जेवढी बुद्धी लागते तेवढी पुष्कळ पुस्तकी विषयांना लागत नाही, असे आमचे मत आहे. ते आपणांस पटते की नाही, हे तासाभराने पाहू.

हा विषय चौकला बोलण्याचे कारण उघड आहे. आपले गाव रस्त्याने घडविलेले गाव आहे. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढणारा माल चाकांवरून चढू लागला. चाक आले की त्याच्यामागोमाग लोहार आणि सुतार यांना रस्त्याच्या कडेला येऊन बसावेच लागते. पुढे मोटारी आल्या, ट्रक आले, आणि लोहाराच्या भात्याच्या जागी गॅसचे सिलिंडर उभे राहिले. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला, तेव्हा लांब पल्ल्याच्या गाड्यांचा मोठा ओघ त्या मार्गाला लागला. तरी जुना रस्ता काही सुना पडलेला नाही. कर्जतचा फाटा येथेच फुटतो. टेम्पो, रिक्षा, भाड्याच्या मोटारी आणि आपल्या जिल्ह्याच्या ओळखीची मिनीडोअर यांची ये-जा येथूनच चालते. जेथे गाड्या आहेत तेथे धक्के आहेत, आणि जेथे धक्के आहेत तेथे पोचे आहेत.

आता, गाडी चेपली तर कंपनीचा नवा दरवाजा आणून बसवावा, त्यात एवढी विद्या कसली, असे कोणी म्हणेल. ज्याला ते परवडते त्याने खुशाल तसे करावे. परंतु कायद्याने सक्तीचा असलेला विमा तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरता असतो. आपल्याच गाडीचे नुकसान भरून देणारा विमा घेणे न घेणे मालकाच्या मर्जीवर असते, आणि गाडी जुनी झाली की पुष्कळ मालक तो खर्च टाळतात. अशा मालकाची गाडी चार दिवस उभी राहिली तर चार दिवसांची रोजी बुडते आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. नवा दरवाजा, त्याचा रंग आणि मजुरी यांचा हिशेब ऐकून तो गॅरेजवाल्याला एकच प्रश्न विचारतो : "हाच सरळ होईल का?" या प्रश्नाचे खरे उत्तर देता येणे हेच आमच्या विषयाचे सार आहे. कोणता पोचा घरच्या हत्याराने काढावा आणि कोणत्याला घरच्या हत्याराने हात लावू नये, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

प्रथम पोचा म्हणजे काय ते पाहू. हा शब्द आपणांकडे स्वयंपाकघरातून आला. पितळेची कळशी हातून निसटून फरशीवर आपटली की तिला पोचा येतो. ती तांबटाकडे न्यावी. तो आतून लोखंडाचा आधार देतो, बाहेरून हलके हलके ठोके देतो आणि कळशी पुन्हा डोक्यावर मिरवू लागते. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत या ठोक्यांच्या कामाला मठारकाम म्हणतात. एकाशेजारी एक, सारख्या जोराचे शेकडो ठोके देऊन पत्र्याला आकारही येतो आणि बळकटीही येते. मोटारीचा पत्रा सरळ करणारा कारागीर हा या तांबटाचाच भाऊबंद होय. फरक एवढाच की कळशीला तोंड असते आणि तांबटाचा आधार आत जाऊ शकतो. मोटारीच्या दरवाजाला आतून दुसरा पत्रा असतो, उंबरठ्याचा भाग तर चोहोकडून बंद पेटीसारखा असतो. तेथे आतून ढकलण्यास जागाच नसते. म्हणून बाहेरून ओढण्याची युक्ती काढावी लागली.

पत्र्याचा स्वभाव माणसाच्या स्वभावाहून फार निराळा नाही. थोडे दाबले तर तो वाकतो आणि सोडताच पूर्ववत होतो. मर्यादेबाहेर दाबले की तो नवा आकार धरून बसतो, आणि जेथे तो मोडून वाकला तेथे पूर्वीपेक्षा अधिक कडक होतो. गंमत अशी की एखाद्या मोठ्या पोच्यात खरोखर मोडलेला भाग फार थोडा असतो. बाकीचा विस्तीर्ण खोलगट भाग नुसता अडकलेला असतो. त्याला मोकळे केले तर तो आपण होऊन वर येऊ पाहतो. त्याला अडविते कोण? आपल्या भाताच्या खाचराकडे पाहा. खाचरात पाणी का राहते? सभोवार बांध आहे म्हणून. पोच्याभोवतीही असाच एक उंचवटा उठलेला असतो. तो कित्येकदा इतका हलका असतो की डोळ्यांना दिसत नाही, परंतु तळहात फिरविला की लागतो. हा बांध पोच्याला पोचा म्हणून टिकवून धरतो. नवशिका मनुष्य पोच्याच्या मध्यभागी हिसके देत सुटतो. बांध जसाच्या तसा राहतो, आणि मध्यभागी पत्रा ताणून एक टोक मात्र वर येते. आधी एक खोलगा होता, आता खोलग्यात सुळका झाला! जाणता कारागीर मध्यभागी ओढ देत असतानाच बांधावर हलके ठोके मारतो. बांध बसला की खाचरातले पाणी वाहून जावे तसा पोचा निघून जातो.

याला जोडून दुसरा नियम आहे. धक्का बसताना पत्रा ज्या क्रमाने चेपला त्याच्या उलट क्रमाने तो सोडवावा. जी घडी शेवटी पडली ती आधी उलगडावी, जी आधी पडली ती शेवटी. लुगड्याची घडी मोडताना आपण वेगळे काय करतो? सर्वांत वरची घडी आधी उघडतो. पत्र्याच्या बाबतीत मात्र सर्वांत खोल जागेवर आधी तुटून पडण्याचा मोह होतो, कारण डोळा तेथेच जातो. म्हणून चांगला कारागीर गाडी आल्यावर प्रथम हत्यार उचलीत नाही. तो धक्का कोठून आला, कोणत्या बाजूस सरकला, हे पाहत उभा राहतो. मालकाला वाटते, हा वेळ घालवीत आहे. खरे काम तेव्हाच चाललेले असते.

आता हत्यारांकडे वळू. ही हत्यारे बाजारात विकत मिळतात. परंतु रस्त्याकडेच्या गॅरेजात ती बहुधा भंगारातून जन्म घेतात, आणि त्या भंगाराच्या निवडीत मोठा विचार असतो.

पहिले हत्यार म्हणजे हातात धरावयाची ऐरण. कारागीर तिला डॉली म्हणतात. रेल्वेच्या रुळाचा वीतभर तुकडा यासाठी पसंत केला जातो. रूळच का? त्याचे पोलाद कठीण असते, तुकडा मुठीत मावतो आणि तरी वजनदार असतो, आणि त्याच्या माथ्याला जी हलकी गोलाई असते ती मोटारीच्या पत्र्याच्या गोलाईला जुळते. कानस आणि पॉलिश पेपर लावून तिचे तोंड आरशासारखे करावे लागते. कारण ऐरणीवर जो ओरखडा असेल तो ठोक्यासरशी पत्र्यावर उमटतो. पत्र्यामागे ऐरण धरून तिच्याच समोर ठोका मारला तर पत्रा दोहोंमध्ये चिमटून पसरतो. ऐरण खोलगट जागी आतून दाबून धरली आणि ठोका शेजारच्या बांधावर मारला, तर पत्रा न पसरता बांध खाली व खोलगा वर येतो. हातोडा तोच, ऐरणही तीच. चार बोटांच्या अंतराने काम सुधारते किंवा बिघडते.

दुसरे हत्यार चमचा. ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा घ्यावयाचा, त्याचे टोक घासून पातळ व गुळगुळीत करावयाचे आणि थोडा बाक द्यावयाचा. दरवाजाच्या दोन पत्र्यांमधल्या फटीत जेथे मूठ जात नाही तेथे हा चमचा जातो आणि ऐरणीचे काम करतो, किंवा पहारीसारखी उचलही देतो. स्प्रिंगचे पोलाद लवते पण वाकून राहत नाही, म्हणून पाटा निवडला. मात्र तो लाल तापवून तसाच थंड होऊ दिला तर त्याचा हा गुण जातो. हे ज्याला ठाऊक नाही त्याचा चमचा पहिल्याच उचलीला वाकतो. तिसरे हत्यार आकडा; जाड सळईचे टोक वळवून, कडा गोल करून बनविलेला. दरवाजाच्या तळाशी पाणी जाण्यासाठी जी भोके असतात त्यांतून तो आत सरतो आणि आतून पत्रा रेटतो.

चौथे हत्यार आजच्या विषयाचे नायक होय. कारागीर त्याला पुलर म्हणतात. आपण आजच्यापुरते ओढहातोडा म्हणू या. बोटाएवढ्या जाडीची दोन-अडीच फूट लांब पोलादी सळई असते. एका टोकाला पत्र्याला पकडणारा आकडा किंवा स्क्रू, दुसऱ्या टोकाला अडसर म्हणून पक्का जोडलेला नट, आणि मध्ये सळईवर मागेपुढे सरकणारे दोनेक किलोंचे वजन. हे वजन म्हणून गिअरबॉक्समधले झिजलेले चाक छान चालते. त्याला मध्यभागी भोक आयते असते. दाते हाताला कापतात, म्हणून ते घासून टाकावे किंवा त्यावर नळीचे आवरण चढवावे. आकडा पत्र्यात अडकवावयाचा आणि वजन झटक्याने मागे अडसरावर आदळावयाचे, एवढीच कृती. हातोडा ढकलतो, हा ओढतो.

यात शक्ती येते कोठून? हिशेब सोपा आहे. समजा, आपण दहा किलोंच्या जोराने ते वजन तीस सेंटिमीटर ओढत नेले आणि आदळल्यावर ते तीन मिलिमीटरांत थांबले. जे काम तीस सेंटिमीटरांत साठले ते तीन मिलिमीटरांत, म्हणजे शंभराव्या हिश्शात, मोकळे झाले. म्हणून जोर शंभर पट, म्हणजे हजार किलोंच्या घरात जातो. काही भाग हादऱ्यात व आवाजात वाया जातो हे खरे, तरी दहा किलोंच्या हाताने क्षणभर का होईना टनाच्या जवळपास जाणारी ओढ दिली! हा हिशेब आम्ही करमणुकीसाठी सांगितलेला नाही. पातळ पत्र्यावर एवढा जोर एका भोकात एकवटला तर पत्रा टराटरा फाटेल. म्हणून एक जबरदस्त हिसका देण्यापेक्षा वीस हलके हिसके द्यावेत, आणि प्रत्येकानंतर थांबून हाताने पत्रा चाचपावा. तांबटाचे मठारकाम हेच शिकविते.

पत्र्याला पकडावयाचे कसे, हा पुढचा प्रश्न. जुनी रीत अशी की पोच्यात बारीक भोके पाडावयाची, त्यांत स्क्रू पिळावयाचे आणि ते ओढावयाचे. पोचा निघतो, पण भोके मागे राहतात, आणि भोकांवाटे पावसाळ्यात पाणी शिरते. आपल्याकडे चार महिने जो पाऊस कोसळतो त्यात असा दरवाजा आतून कुजू लागतो. दुसरी रीत वायसराची. वायसर उभा धरून पत्र्याला वेल्डिंगचा नुसता टिपका देतात, त्याच्या भोकात आकडा घालून ओढतात, आणि काम झाले की वायसर पिळून काढून जागा घासतात. भोक पडत नाही, म्हणून ही रीत बरी. पण टिपक्याच्या मागच्या अंगाचा रंग आतून जळतो आणि तेथे गंज धरतो. म्हणून काम संपल्यावर आतल्या बाजूस गंजरोधक रंग किंवा मेण पोचविणे हा कामाचाच भाग आहे. मालकाला तो दिसत नाही, म्हणून बहुधा तोच गाळला जातो.

रबरी वाटी चिकटवून पोचा ओढता येतो, असेही आपण ऐकले असेल. येतो, पण तिची मर्यादा निसर्गानेच घालून दिली आहे. वाटीला पत्र्यावर दाबून धरते ती बाहेरची हवा, आणि तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. दहा सेंटिमीटर व्यासाच्या वाटीचे क्षेत्रफळ अठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर भरते, म्हणजे कितीही ओढा, ऐंशी किलोंच्या आतच ती सुटणार. रुंद, उथळ, घडी न पडलेला पोचा तिच्याने डबकन् वर येतो. बांध असलेल्या पोच्यापुढे ती हतबल आहे. गरम पाण्याचा उपायही असाच अर्धा खरा. बंपर प्लॅस्टिकचा असेल तर गरम पाण्याने तो नरम पडतो आणि आतून ढकलला की सावरतो. पोलादाच्या पत्र्याला उकळत्या पाण्याने अंघोळ घालून काही होत नाही.

पोचा वर आला म्हणजे काम संपले असे नाही. आता हाताची परीक्षा असते. तळहाताखाली मऊ फडके घेऊन तो लांब लांब फिरविला की डोळ्यांना न दिसणारे उंचसखल कळते. मग पत्र्यावर काळा रंग हलका फुंकून कानस फिरवितात. उंच जागा चमकू लागतात, खोल जागा काळ्याच राहतात. पत्राच आपली कुंडली मांडून दाखवितो म्हणा ना!

कधी कधी पत्रा ताणून वाढलेला असतो. तो सपाट केला तरी बोटाने दाबताच डब् डब् वाजत आत-बाहेर होतो. वाढलेले कापड शिंपी कापून टाकील. पत्रा कापता येत नाही, तो आटवावा लागतो. येथे आपल्या जुन्या लोहाराची विद्या उपयोगी पडते. बैलगाडीच्या चाकावर धाव कशी चढवीत, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. लोखंडी धाव चाकापेक्षा किंचित लहान करावयाची, गोवऱ्यांच्या आगीत लाल करावयाची म्हणजे ती पसरते, तशीच चाकावर बसवून वर पाणी ओतावयाचे. चर्र आवाज होऊन ती आकसते आणि लाकूड करकचून आवळते. पत्र्याचेही तसेच आहे. ताणलेल्या जागी रुपयाएवढा ठिपका लाल करावयाचा. सभोवारचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही, म्हणून तो जागीच फुगतो. त्यावर हलके ठोके देऊन ओले फडके लावले की तो आकसतो आणि शेजारचा सैल पत्रा ओढून घेतो. हे काम सावलीत करावे. उन्हात लाली दिसत नाही आणि पत्रा नको तितका तापतो.

मात्र ही विद्या साध्या, मऊ पोलादाच्या बाहेरच्या पत्र्यापुरतीच आहे, आणि येथून आम्ही आमच्या विषयाच्या गंभीर भागाकडे येतो.

ट्रकला चासी असते, म्हणजे खालचा सांगाडा निराळा आणि वरचे घर निराळे. साध्या मोटारीला बहुधा तसे नसते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली फियाट आणि तिचीच पुढची पद्मिनी यांनासुद्धा निराळी चासी नव्हती. तळ, उंबरठे, खांब आणि छत मिळूनच त्यांचा सांगाडा होत असे. पण त्यांचा पत्रा मिलिमीटरच्या आसपास जाड होता आणि पोलाद सर्वत्र साधेच होते. म्हणूनच मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ती गाडी रस्त्याकडेला ठोकून, ओढून, सरळ करून वर्षानुवर्षे चालविली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती टॅक्सी म्हणून निवृत्त झाली. आपल्या कारागिरांचे हात पुष्कळ अंशी तिच्यावर तयार झाले आहेत. आजच्या मोटारीचा बाहेरचा पत्रा ०.६ ते ०.८ मिलिमीटर जाडीचा, आणि आतले पोलाद जागोजागी निराळे असते. खांबांत आणि दरवाजाच्या आतील आडव्या दांड्यांत असे पोलाद घालतात की ज्याची ताकद साध्या पत्र्याच्या चौपट-पाचपट असते. ही ताकद त्याला कारखान्यात ठरावीक रीतीने तापवून व निववून आलेली असते. गॅसच्या ज्योतीने ते एकदा लाल केले की ती ताकद गेली. रंग लावल्यावर तो खांब पूर्वीसारखाच दिसतो. पण गाडी कोलांटली तर छत तोलून धरणे त्याला साधत नाही. पुढच्या बाजूचे दांडेही मुद्दाम असे घडविलेले असतात की धक्का बसला असता त्यांनी ठरल्याप्रमाणे चेपत जावे आणि आतल्या माणसाचा धक्का आपल्या अंगावर घ्यावा. एकदा चेपलेला दांडा ओढून सरळ केला, तर पुढच्या धक्क्याला तो कसा वागेल याचा भरवसा कोणीही देऊ शकत नाही.

आपल्याकडे पूर्वी हाडवैद्य असत. मुरगळलेला पाय, निखळलेले बोट त्यांच्या हाताला चांगले येई. परंतु त्यांतला जो खरा जाणता असे तो मांडीचे हाड मोडलेल्या माणसाला हात लावीत नसे; गाडी जोडून त्याला दवाखान्यात धाडी. पोचे काढणाऱ्याचेही हेच आहे. गाडी आली की पहिला प्रश्न हा : लागले ते कातडीला की हाडाला? दरवाजाचा पत्रा, मडगार्ड, बोनेट, डिकीचे झाकण ही कातडी. येथे घरच्या हत्याराने अवश्य काम करावे. खांब, उंबरठा, पुढचे दांडे, तळ ही हाडे. ती मापे घेऊन, पक्क्या चौकटीवर गाडी जखडून, कंपनीच्या सूचनेबरहुकूम बदलावयाची किंवा सरळ करावयाची असतात. दरवाजा नीट मिटत नाही, काचेला नवी चीर गेली आहे, गाडी सरळ रस्त्यावर एका अंगास ओढते, ही हाडाला लागल्याची चिन्हे होत.

तरीही गाडीला साखळी बांधून, साखळीचे दुसरे टोक झाडाला गुंडाळून, गाडी मागे घेऊन ओढण्याचा प्रकार चालतो. त्यात साखळी तुटली किंवा आकडा निसटला तर तो गोळीसारखा सुटतो, आणि त्याच्या रेषेत उभ्या असलेल्या माणसाची गय करीत नाही. निदान कोणी त्या रेषेत उभे राहू नये आणि साखळीवर एक जड गोधडी टाकावी, म्हणजे सुटलेल्या साखळीचा जोर तिच्यात मरतो. त्याहून चांगले म्हणजे हा प्रकारच करू नये. ओढहातोड्याचा नट नुसता पिळलेला नसावा, वेल्डिंगने पक्का केलेला असावा. वजन आणि अडसर यांच्यामध्ये बोट सापडू देऊ नये. डोळ्यांवर चष्मा असावा. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार सोडावी, कारण आजच्या गाडीत धक्क्याला फुगणाऱ्या हवेच्या उशांची नाजूक विद्युत-यंत्रणा असते. पेट्रोलच्या टाकीजवळ ज्योत नेऊ नये. टाकी रिकामी असली तरी आत वाफ उरलेली असते, आणि ती भरल्या टाकीहून अधिक भडकते. पुष्कळ गाड्यांत आता गॅसची टाकी मागे असते, तिचेही तसेच. गॅरेजात काम शिकणारा पोरगा बहुधा उघड्या डोळ्यांनी आणि चपला घालून उभा असतो. त्याच्या डोळ्यात उडालेली ठिणगी कोणत्याही लांबीने भरून निघत नाही.

लांबीचा उल्लेख आला, तर तिच्याविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. पत्रा शक्य तितका सरळ केल्यावर उरलेला केसाएवढा खळगा भरण्यासाठी लांबी असते. दोन-तीन मिलिमीटरांपर्यंत ती शोभते. पण पोचा न काढताच त्यात बोटभर लांबी थापून वर चकचकीत रंग मारला, तर पहिल्या दिवशी मालक खूष होतो आणि पुढे केव्हातरी हादऱ्याने ती ढलपी निघून पडते. ही झाली कातडीची फसवणूक. हाडाच्या जागी तीच युक्ती केली तर तो गुन्ह्याच्या जवळ जाणारा प्रकार होतो. घाटात कोलांटलेली गाडी स्वस्तात घ्यावयाची, ओढून-ठोकून, लांबी भरून उभी करावयाची आणि दूरच्या गावच्या गिऱ्हाइकाला विकावयाची. तो बिचारा बायकामुलांना घेऊन त्याच घाटातून जाणार! जुनी गाडी घेणाऱ्याने म्हणून एक लहानसा लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून खिशात ठेवावा आणि तो पोलादी पत्र्यावर जागोजागी लावून पाहावा. जेथे पकड एकाएकी ढिली पडते तेथे खाली लांबी जाड आहे असे समजावे. दरवाजाच्या पत्र्यावर ढिली पडली तर किंमत कमी करून मागावी. खांबावर किंवा उंबरठ्यावर ढिली पडली, तर ती गाडी जाणकाराने उघडून पाहिल्याखेरीज घेऊ नये.

या सगळ्यावरून आम्ही घरगुती हत्यारांच्या विरुद्ध आहोत असे कोणी समजू नये. उलट, ज्याने आपले हत्यार आपण घडविले त्याला त्या हत्याराची मर्यादा दुसऱ्यापेक्षा अधिक कळते, असा आमचा अनुभव आहे. पाट्याचा चमचा किती लवेल, रुळाची ऐरण कोठे बसेल, वजन किती ओढले तर पत्रा फाटेल, हे त्याच्या हातात मुरलेले असते. उणीव एकाच गोष्टीची आहे. ही विद्या तोंडी आहे, आणि गाड्या मात्र झपाट्याने बदलत आहेत. उस्तादाने पद्मिनीवर जे शिकले ते शिष्य नव्या गाडीवर तसेच्या तसे चालवू पाहतो, आणि तेथे धोका होतो. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत पत्राकामाचा व्यवसाय आहे, मोटारीच्या बॉडीदुरुस्तीचाही आहे. तेथील शिक्षकांनी वर्षातून चार दिवस रस्त्याकडेच्या गॅरेजांत यावे, आणि उस्तादांनी चार दिवस त्यांच्या शाळेत जावे. एकाने कोणते पोलाद कोठे असते हे सांगावे, दुसऱ्याने बांध कसा चाचपावा हे दाखवावे. यात कोणाचाच कमीपणा नाही. आणि गिऱ्हाइकांनीही एक गोष्ट करावी. कारागिराने "हे माझ्याच्याने होणार नाही, हाडाला लागले आहे" असे सांगितले, तर त्याला अडाणी समजून पुढच्या गॅरेजात जाऊ नये. तेवढे एक वाक्य बोलण्यासाठी त्याने हातातली मजुरी सोडलेली असते.

चौकातून दिवसरात्र गाड्या जात असतात. त्यांतल्या कित्येकांचे पत्रे कोणा ना कोणा कारागिराच्या हाताखालून गेलेले असतील. त्यांत बसलेल्यांना त्याचे नाव ठाऊक नसते आणि व्हावयाचेही नाही. त्याने कातडी आणि हाड यांतला भेद ओळखून काम केले की नाही, यावर मात्र त्यांचे घरी पोचणे पुष्कळदा अवलंबून असते.